मारांडीच्या बिया

बाळकुमला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मावशी राहतात. खाडीच्या चिखलात वाढणारी काटेरी मारांडी त्यांनी गॅलरीत जुन्या बादलीत लावली आहे. तिच्या पाण्यात त्या चिमूटभर मीठ घालतात आणि आधी बोटाने चाखून बघतात. "खारट पाहिजे गो, पण आमटीएवढंच," असं अगदी गंभीरपणे सांगतात.

मारांडीची फळं वाळली की फटकन फुटतात आणि बिया लांब उडतात. गेल्या वर्षी सगळ्या बिया चौथ्या मजल्यावरून खाली गेल्या, एकही रोप झालं नाही. म्हणून यंदा मे महिन्यात, भर दुपारी, मावशींनी मला बोलावलं. आम्ही दोघी त्यांची जुनी साडी गॅलरीभर ताणून उभ्या राहिलो. पहिलं फळ फुटलं, बी माझ्या कपाळावर आपटली आणि हसता हसता माझ्या हातातलं टोक सुटलं.

"हसू नको, धर," मावशी म्हणाल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

तेवढ्यात उघड्या दारातून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. "मावशी, तुमच्या बादलीचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर..."

एक बी त्यांच्या चष्म्यावर येऊन बसली. मावशींनी साडीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ताणून धरलं. मग हळूच म्हणाले, "आता कुठलं फुटेल?"

संध्याकाळपर्यंत अकरा बिया जमल्या. त्यातल्या दोन सेक्रेटरींनी मागून घेतल्या आणि रुमालात बांधून नेल्या.