आधी शब्द, मग हात

टपरीवर चहा पिताना समोरच्याच्या नाकाजवळ मोबाइल धरणारी माणसं मला सोसत नाहीत. चित्र एकीकडं चालू असतं आणि धरणारा आपल्या तोंडाकडं बघत असतो, आपल्याला पटलं की नाही ते. आमचा चेअरमन त्या दिवशी तसाच बघत होता.

चेअरमन म्हणजे मोशीतल्या त्याच्या सोसायटीचा चेअरमन. त्याच्या आधी तो नुसता फिटर होता. पिंपरीच्या कारखान्यात आम्ही एका खात्यात होतो, एका युनियनमध्ये होतो आणि टाळेबंदीत एका ताडपत्रीखाली बसलो होतो. त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. टाळेबंदी उठल्यावर तो चांगल्या वर्तणुकीच्या फॉर्मवर सही करून आत गेला. मी सही केली नाही. पुढं जन्मभर भोसरीच्या लहान-लहान शेडमध्ये लेथ चालवला. त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि वाटलं असतं तरी त्याला सांगितलं नसतं.

मोबाइलवर फिक्या हिरव्या कोटातली एक म्हातारी आणि तिचा हात धरून हसणारा एक पिकल्या केसांचा माणूस.

"ओळख कोण ते."

"म्हातारीचा जावई असंल."

"अरे, ती इंग्लंडची राणी. आणि हा आयर्लंडचा. बंदूकवाल्यांचा पुढारी! आपल्याला गेटवर पेपरातून वाचून दाखवायचे बघ, तुरुंगात उपाशी मेलेली पोरं? त्यांचा. आता राणी गेली, तिचा पोरगा राजा झाला, त्याच्याशीपण ह्याच्या लोकांनी हात मिळवला. एवढी माणसं मेली त्यांची, तरी मिळवला. आणि तू कंपनीच्या एका शालीला नाही म्हणतोस राव."

माझा चहा तसाच राहिला. मला त्या माणसाचं हसणं बघवेना. हात द्यावा लागला तर द्यावा, राजकारणात काय काय करावं लागतं. पण दात कशाला दाखवायचे?

ती पोरं मला चांगली आठवत होती. मी चौथीतून सुटलेला. आमच्यात सातवी पास एक जण होता, तो गेटवर बसून रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा. एकदा त्यानं वाचलं की इंग्रजांच्या तुरुंगात आयर्लंडची पोरं अन्न सोडून बसलीत. मागणं असं की आम्हाला कैद्यांचे कपडे घालू नका, आमचे आम्हाला घालू द्या. एकामागून एक मरत होती, आणि आम्ही रोज विचारायचो, आज कितवा? त्यांचे लोक म्हणे निवडून येतात आणि लंडनच्या सभागृहात जाऊन बसत नाहीत, कारण बसायचं तर राणीच्या नावानं शपथ घ्यावी लागते. आम्हाला ते फार आवडलं. निवडून यायचं आणि खुर्ची रिकामी ठेवायची! आमच्याकडं असा एक तरी दाखवा.

माझा जोडीदार, म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा, बीडीचं थोटूक टाकून म्हणाला, "कपड्यापायी मेली व्हय रं?"

पेपर वाचणारा म्हणाला, "कपड्यापायी न्हाई. आपल्याला चोर म्हणायचं का काय म्हणायचं, त्यापायी."

पुढच्या पंधरवड्यात जोडीदार मेला. सकाळी नऊचा सुमार. पोलिस लावून कंपनी तयार माल बाहेर काढत होती, आणि आम्ही रस्त्यावर बसलो होतो. ट्रक थांबला. आम्हाला वाटलं, जिंकलो. आणि मग तो परत पुढं आला. बाकीचे उठले. जोडीदाराच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याला पटकन उठता आलं नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तोंडाला गूळ-शेंगदाण्याचा वास होता, आम्ही दोघांनी मिळून खाल्ले होते. दुपारी गेटवर कंपनीची नोटीस लागली: "दारूच्या नशेत असलेला एक कामगार वाहनाखाली आल्याचे व्यवस्थापनास समजते."

समजते! ज्या माणसाला मशीन पुसायच्या थिनरच्या वासानं मळमळायचं, नाकाला रुमाल बांधून जो काम करायचा, त्याच्याबद्दल त्यांना असं समजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी गेटवर बेलभंडारा उचलला. ती नोटीस कंपनी मागं घेत नाही तोवर मालकाच्या घरातल्या कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. चेअरमननंही उचलला होता. त्याच्या बोटाला लागलेली हळद मी बघितली आहे.

आणि आता कंपनीचा पिंपरीचा कारखाना मोडून तिथं टॉवर होणार, सगळं काम चाकणला गेलेलं, आणि मालकाच्या नातीनं ठरवलं की जुन्या कामगारांचा कृतज्ञता सोहळा करायचा. टाळेबंदीतले मुद्दाम बोलवायचे. जखमा भरायच्या, असं चेअरमन म्हणाला. हा शब्द त्याचा नव्हता, कुणीतरी त्याच्या तोंडात घातला होता.

"राणीनंसुद्धा सोसलंच की," तो म्हणाला. "तिच्या घरातला माणूस ह्या लोकांनी बाँबनं उडवला होता. तरी तिनं हात पुढं केला."

"बरोबर. तिच्या घरचं मेलं, ह्याच्या घरचं मेलं. इथं मालकाच्या घरचं कोण मेलं रे?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. मी घरी गेलो आणि सुनेला त्या मोबाइलातून आयर्लंडचं सगळं वाचायला लावलं. तिनं वाचून सांगितलं की हात मिळवायच्या आधी इंग्लंडच्या पंतप्रधानानं भरल्या सभागृहात कबूल केलं होतं: फार वर्षांपूर्वी मोर्चात लष्करानं गोळ्या घालून माणसं मारली, ते चूक होतं, ती माणसं निर्दोष होती. तोवर सरकार त्यांनाच दोष देत होतं. सून म्हणाली, "म्हणजे मामंजी, आधी शब्द दिला, मग हात."

त्या पिकल्या केसांच्या माणसाचा माझा राग थोडा कमी झाला. हसण्याचा नाही झाला.

मी काळेवाडीत वहिनींकडं गेलो. वहिनी म्हणजे जोडीदाराची बायको. माझ्या घरापासून तीन गल्ल्या. दोन घरची पोळी-भाजी करून तिनं पोरगा वाढवला. त्या पोराला शाळेत बेवड्याचा म्हणायचे. तो आता पन्नाशीला आला, गुजरातेत असतो, आणि घरात बापाचा फोटो लावत नाही. वहिनींना दुःख त्याचं.

"त्या पोरीनं माइकवर येवढंच म्हणावं," वहिनी म्हणाल्या, "की ते पिऊन नव्हते. मग मी शालपण घेईन, नारळपण घेईन. तिचा हातबी धरीन. तुमी याल न्हवं भाऊजी?"

मी चेअरमनला अट सांगितली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम हो म्हणाल्या. स्वतः म्हणणार, स्टेजवरून."

निगडीच्या डेपोपाशी कंपनीची एसी बस आली. आम्ही बारा-चौदा म्हातारे. काहींना मी ओळखलं नाही, काहींनी मला ओळख दिली नाही. मोशीच्या पुढं कंटेनरच्या रांगेत बस तासभर अडकली. वहिनींनी नेसलेली जांभळी साडी नवी होती आणि त्या पदराची कड सारखी बोटानं चाचपत होत्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. मी कान दिला तर त्या पोरीचंच वाक्य म्हणून बघत होत्या.

चाकणच्या कँटीनचा हॉल केला होता. आधी पडद्यावर सिनेमा: कंपनीचा प्रवास. मालकाचे आजोबा, पहिली शेड, पहिलं मशीन. बासरी वाजत होती. आणि एकदम आमचं गेट आलं! ताडपत्री, झेंडा, आम्ही. माझ्या डोक्यावर केस होते. शेजारी जोडीदार, बीडी हातात, हसतोय. खाली अक्षरं आली: "कठीण काळातही एक कुटुंब."

"हे... आमचे हेच हायत की," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. तोवर चित्र गेलं आणि चाकणचा रोबो आला.

आमच्याच उपासमारीला ह्यांनी बासरी लावली होती.

मग नात बोलायला उभी राहिली. तिशीतली, साधी सुती साडी, मराठी स्वच्छ. वाईट दिसत नव्हती, त्याचाच मला जास्त राग आला. ती म्हणाली, "त्या काळात काही दुर्दैवी प्रसंग घडले. दोन्ही बाजूंनी खूप सोसलं. आज आपण ते ओझं खाली ठेवूया." टाळ्या. मी वाट बघत होतो. वहिनी खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या होत्या, तोंड थोडं उघडं. नात म्हणाली, "आता मी आपल्या ज्येष्ठांना मंचावर विनंती करते."

संपलं. तेवढंच.

पहिलं बोलावणं वहिनींना. नातीनं शाल घातली आणि खाली वाकून वहिनींच्या पायाला हात लावला. हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. वहिनी वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. नंतर मला कळलं, त्या म्हणाल्या, "आता म्हण." नात हसून "हो आजी, हो" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

माझं ठरलेलं होतं. हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. तिनं हात पुढं केला तर बघत राहायचं, नमस्कारसुद्धा करायचा नाही, कारण मालकापुढं हात जोडणं हे हात देण्यापेक्षा वाईट. घरी आरशासमोर उभा राहून बघितलं होतं. पण तिनं हात पुढं केलाच नाही. ती वाकली. आणि पायावर कुणी वाकलं की डोक्यावर हात ठेवायचा, हे ह्या हाताला सत्तर वर्षांचं वळण. मी काही ठरवायच्या आत माझा उजवा हात पाठीमागून सुटला आणि तिच्या केसांवर जाऊन बसला. तोंडातून "सुखी राहा"सुद्धा निघालं. समोर तीन कॅमेरे चमकले.

मला त्या हाताची किळस आली. अजून येते. ह्या हातानं जोडीदाराचं डोकं धरलं होतं, ह्याच हातानं भंडारा उचलला होता. त्यांनी हात मागितला असता तर मी दिला नसता, म्हणून त्यांनी मागितलाच नाही. पायाकडून आले.

जेवणं सुरू झाली. नात पाहुण्यांत फिरत होती, मी तिला गाठलं.

"तू म्हणणार होतीस."

"आजोबा, मला खरंच म्हणायचं होतं." तिचे डोळे खाली गेले, खोटं नव्हतं ते. "पण आमच्या वकिलांचं म्हणणं पडलं, तसं जाहीर म्हटलं तर कंपनीनं जबाबदारी मान्य केली असं होतं. परवाच ठरलं. मी चेअरमनकाकांना कळवलं होतं. पण भावना पोहोचल्या ना?"

चेअरमन माझ्या मागंच ताट घेऊन उभा होता.

"तुला परवा माहीत होतं?"

"तू आला नसतास," तो म्हणाला.

"वहिनी आल्या नसत्या!"

"अरे, पण त्यांचा मान झाला की नाही? मालकीण त्यांच्या पाया पडली, आणखी काय पाहिजे बाईमाणसाला? तू जरा हळू बोल, लोक बघतायत."

त्याच्या ताटात दोन जिलब्या होत्या आणि बोलता बोलता त्यानं एक मोडली. मी त्याच्या बोटांकडं बघत राहिलो. पाक लागलेली ती बोटं मला भंडाऱ्यातल्या बोटांपेक्षा वेगळी दिसेनात, आणि ते मला सहन होईना. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंही मला उलट सुनावलं: तू सही केली नाहीस म्हणून मोठा झालास का, तुझ्या पोरांनी काय खाल्लं विचार त्यांना. आम्ही दोन म्हातारे, तोंडं लाल, कँटीनच्या मधोमध भांडत होतो, तेवढ्यात माइक खरखरला.

वहिनी स्टेजवर होत्या. साउंडवाला वायर गुंडाळत होता, त्याला त्यांनी विचारलं होतं, "चालू हाय का रं हे?" त्याला वाटलं आजींना आभार मानायचेत, म्हणून त्यानं परत चालू करून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला, दांड्यासारखा.

"माझं मालक पिऊन नव्हते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तेच परत म्हटलं, जरा मोठ्यानं. चेअरमन हात हलवून साउंडवाल्याला बंद कर, बंद कर असं खुणावत होता. साउंडवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं आणि वायरीचा गुंडाळा हातात घेऊन तसाच उभा राहिला. नात एका खांबाजवळ उभी होती, ती पुढंही आली नाही आणि मागंही गेली नाही. वहिनी तिसऱ्यांदा म्हणाल्या, "न्हवते पिऊन," आणि माइक त्याच्या हातात देऊन खाली उतरल्या. उतरताना पायरीवर त्यांचा तोल गेला, मी जाऊन दंड धरला. भांडण्यात मी गुंतलो नसतो तर त्या माइकपाशी मी त्यांच्या शेजारी उभा असतो. ते राहिलं.

परतीच्या बसमध्ये चेअरमन पुढं बसला आणि आम्ही मागं. माझी शाल मी सीटवर टाकली होती, वहिनींनी तिची घडी घालून ठेवली. लोकर चांगली आहे म्हणाल्या. चिखलीच्या अलीकडं त्यांनी विचारलं, "भाऊजी, सगळ्यांना ऐकू गेलं का?"

"गेलं."

"मागं बसलेल्यांना?"

मागच्या चार रांगा केव्हाच उठून बाहेर गोडाच्या टेबलापाशी गेल्या होत्या. तिथं दुसरा स्पीकर लावलेला, त्यावर गाणी चालू होती.

"मागच्यांनाबी गेलं," मी म्हणालो. आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही, आणि हे बोलताना मला काहीच जड गेलं नाही.

"मग त्याला फोन लावा," त्या म्हणाल्या. "गुजरातेत. मी बोलते."

मी लावला. रिंग वाजत होती.