फ्यूज माझ्याजवळ होता

बातमी आली तेव्हा मी आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर बसलो होतो. सोसायटीच्या सचिवपदावरून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण सकाळी दुधाच्या वेळेला पाय आपोआप तिकडे वळतात. कडा या बाजारगावाहून आलेल्या टेम्पोवाल्याने कॅन उतरवता उतरवता सांगितलं, "साळवे वायरमन गेले काल. झोपेतच." ओट्यावरच्या दोघातिघांना नाव लक्षात येईना. मग एकाने ओळख पटवून दिली, "आरं ते न्हाई का, लायसनवाले. मेन चालू ठिवून शिडीवर चढलेवते आन पडलेवते." हां हां, ते व्हय, असं म्हणत सगळ्यांनी माना हलवल्या आणि बोलणं पावसाकडे वळलं. उभा जन्म लोकांच्या घरांत उजेड करण्यात घालवलेल्या माणसाची एवढीच ओळख उरली होती. ती खोटी आहे हे त्या ओट्यावर फक्त मला माहीत होतं. मी मान हलवली नाही, इतकंच. बोललोही नाही.

सुखदेव साळवे आमच्याकडे पहिल्यांदा आले ते घरावर स्लॅब टाकला तेव्हा. वायरी जोडणारी माणसं गावात पैशाला पासरी होती, त्यामुळे कड्याहून परवाना असलेला वायरमन आणायचा हा माझा हट्ट आईला मुळीच पटला नव्हता. "लायसन काय भाकरीसंगं खायाचं हाय?" असं तिने विचारलं. पण शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यात करंट उतरून म्हैस गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि दुसरं म्हणजे मी सोसायटीचा सचिव. प्रत्येक गोष्टीला कागद असला की मला झोप लागते. साळव्यांच्या ओसरीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा परवाना काचेत बसवून लावलेला होता. मी तो चष्मा लावून वाचला. ते हसून म्हणाले, "वाचा, वाचा. असं वाचणारं गिऱ्हाईक आमाला लई आवडतं."

त्यांची काम करायची एक पद्धत होती. हाताखाली माणूस ठेवायचे नाहीत. घरात आल्यावर आधी मेन स्विच पाडायचे, मग चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज बोर्डातून उपसून काढायचे आणि घरच्या माणसापुढे धरायचे. पहिल्या दिवशी मी म्हणालो, ठेवा तिथे फळीवर. तर म्हणाले, "ठिवायचा न्हाई, धरायचा. मी उतरून हात पुढं करीन तवा द्यायचा. तवर माजा जीव तुमच्या मुठीत हाय, सचिव." मला जरा नाटकी वाटलं ते. पुढे कळलं की काही घरांत लोक "ठेव त्या फळीवर" म्हणायचे ते वेगळ्याच कारणाने. साळव्यांच्या हातातून काही घ्यायचं त्या लोकांना जिवावर यायचं. साळवे तिथेही फळीवर ठेवायचे नाहीत. हात पुढे करून उभे राहायचे, चहा निवेपर्यंत, मालक कंटाळून घेईपर्यंत. घेतला की मगच शिडीला पाय लावायचे. मी फ्यूज घेतला तेव्हा आईनेही माझ्या हाताकडे बघितलं होतं. मी दिसलं न दिसलं केलं. वर्षभरात मी घरी नसलो की ती स्वतः पदराला हात पुसून तो घ्यायला लागली.

मग साळव्यांचं आमच्याकडे येणं नेहमीचंच झालं. स्वयंपाकघरातलं बटण त्यांनी आईला चुलीपुढे उभं करून, तिचा हात कुठवर पोचतो ते बघून बसवलं. ते आजही इतरांच्या मानाने वीतभर खाली आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ओला राहावा म्हणून त्यात पाणी ओतायला सांगायचे. दुष्काळ लागल्यावर आई म्हणाली, "आमालाच प्यायला न्हाई आन जमिनीला कुठून पाजू?" त्यावर त्यांनी भांडी घासलेलं पाणी चालतं असा तोडगा काढला, आणि आई रोज ते खरकटं पाणी मोठ्या निष्ठेने खड्ड्यात ओतायची. महादेवाच्या पिंडीला कमी आणि तुझ्या खड्ड्याला जास्त पाणी घालते मी, असं त्यांना ऐकवायची...

तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा. जनावरं चारा छावणीवर होती, सोसायटीत दूध आटलं होतं. टँकर कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी सहाव्या, आणि आमच्या फाटकासमोरच्या सिमेंटच्या हौदात पाणी सोडायचा. बाकीचे घागरी-बादल्या घेऊन झुंबड करायचे, पण ज्यांच्या घरी मोटर होती ते हौदात पाइप सोडून ओढून घ्यायचे. ज्याची मोटर आधी लागेल त्याचं पाणी, असा न लिहिलेला नियम होता. आम्ही फाटकावरचे, त्यामुळे आमची मोटर नेहमी पहिली. याची तेव्हा मला लाज वाटत नव्हती, उलट अभिमानच होता.

त्या दिवशी साळवे मधल्या खोलीत छताच्या पंख्याची जुनी वायर बदलत होते. मेन पाडलेला, फ्यूज माझ्या हातात. आमच्या बोर्डावर दोन फ्यूज होते, एक सगळ्या घराचा आणि एक मोटरचा, प्रत्येकाला आपापला मेन. घराचा फ्यूज काढला की मोटरही लागत नसे. मी शिडीखाली उभा राहून त्यांच्याशी छावणीतल्या गमती बोलत होतो. दुपारी तीनच्या सुमाराला टँकरचा हॉर्न वाजला. मी ओसरीत येऊन हातातला फ्यूज बोर्डाखालच्या फळीवर ठेवला, तिथलंच पाइपचं वेटोळं उचललं आणि धावलो. एका मिनिटात परत येणार होतो. पाइप हौदात सोडला. तेवढ्यात आईने मोटर लावायला बटण दाबलं, ती लागेना, म्हणून बोर्डाकडे बघितलं तर एक फ्यूज जागेवर नाही, खाली फळीवर पडलेला. तेव्हा फ्यूज सारखे जायचे आणि बसवायचं काम तिच्या हाताला सवयीचं होतं. साळव्यांच्या कामाचा फ्यूज नेहमी कुणाच्या तरी हातात असायचा, म्हणून फळीवरचा बघून तिला शंका आली नाही; तिने तो बसवला, मेन वर केला. माझ्या हातात पाइप थरथरला, पाणी ओढायला लागला. मग घरातून आवाज आला... तो आवाज मला लिहिता येणार नाही.

ते वाचले. नगरच्या दवाखान्यात महिनाभर होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत आणि कंबर कायमची अधू झाली. डॉक्टर म्हणाले, अशा धक्क्यात आधीचं थोडं विसरायला होतं कधीकधी. या एका वाक्याला मी पुढची वीस वर्षं धरून बसलो. त्याच संध्याकाळी आईने मला विचारलं होतं, "म्या त्यो फ्यूज बसिवला, त्यानं तर न्हाई ना झालं?" मी म्हणालो, नाही, तू बसवलास तो फ्यूज आणि वर केलास तो मेन मोटरचा होता, घराचा मेन त्यांनी पाडलाच नव्हता. तिचा चेहरा सुटलेला बघून मला वाटलं, मी चांगलं काम केलं. तिने ते खरं मानलं आणि भल्या मनाने गावभर सांगितलं. खोटं माझं, पण ते फिरलं आईच्या तोंडून, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

पुढे सोसायटीत दूध थंड करायच्या नव्या इमारतीच्या वायरिंगचा विषय निघाला. ते काम साळव्यांनाच द्यायचं आधी ठरलं होतं. सभेत एक संचालक म्हणाले, ज्याला स्वतःचा मेन बंद करायचं भान नाही त्याच्या हातात आपली इमारत कशी द्यायची? मग अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, आणि सभावृत्ताच्या वहीत मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर वायरमन यांचा हलगर्जीपणा लक्षात घेता...' ठरावाची भाषा मला चांगली जमते. आमच्या गावात झालं ते पाहून आजूबाजूच्या गावांनीही त्यांना बोलावणं सोडलं. बारीकसारीक कामं, पंखे दुरुस्ती, एवढ्यावर ते राहिले. परवान्याचं नूतनीकरण मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

दोनेक वर्षांनी ते आमच्याकडे पुन्हा आले, मीच बोलावलं होतं. आईने त्यांच्यासाठी मुद्दाम धपाटे केले. वाढता वाढता म्हणाली, "एवढा लायसनवाला तू, आन मेन बंद कराया इसरलास व्हय रे?" मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होतो. साळव्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "इसरलो, काकू. व्हतं असं एखांद्या वक्ती." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला सुटल्यासारखं झालं. यांना खरंच आठवत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. जेवण झाल्यावर त्यांनी मेन पाडला, फ्यूज उपसला, आणि मी सवयीने तळहात पुढे केला. ते क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असू द्या सचिव, तुमच्या हाताला घाम लई येतो," आणि फ्यूज स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच हातात फ्यूज दिला नाही, असं मी इतरांकडूनही ऐकलं.

आई गेली. तेव्हा मी सांगू शकलो असतो. ती असेपर्यंत मी स्वतःला बजावत असे की आईचं नाव यायला नको म्हणून मी गप्प आहे. ती गेल्यावर हे कारण संपलं, तर मी दुसरी कारणं शोधली. माणसाला ती सापडतात. एकदा कड्याच्या बाजारात भेटले तेव्हा मी "साळवे, त्या दिवशीचं..." इतकं बोललो होतो. त्यांनी तीनच बोटं वळणाऱ्या हाताने माझा दंड धरला आणि म्हणाले, "चला, च्या घेऊ." आम्ही चहा घेतला. ती शेवटची भेट.

बातमीनंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. शांतावहिनी ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. फ्यूज त्यांनी काढला होता, माझ्या हातात दिला होता, मी फळीवर ठेवून गेलो, आईने बसवला. वहिनींचा हात ताटात थांबला नाही. माझं बोलून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय, भाऊजी. दवाखान्यात शुद्धीवर आले त्याच दिशी सांगितलं त्यांनी."

"सगळं?"

"सगळं. तुमी पाइप घिऊन पळालात ते शिडीवरून बघितलं व्हतं त्यांनी. म्या म्हनलं, मंग उतरला कावून न्हाईत? तर म्हनले, फ्यूज त्याच्यापाशी हाय, कशाला उतरू." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हातारीचं नाव कुटं काढू नकु म्हनले. तिला कळलं तर ती जगायची न्हाई. म्हनून आमी गप बसलो. तुमी कावून बसलात ते तुमचं तुमाला ठावं."

त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. तो मी प्यायलो, तेही आता खटकतं.

मागच्या आठवड्यात मी सोसायटीत जाऊन तो जुना ठराव दुरुस्त करून घेता येईल का, असं विचारलं. नवीन सचिव तरुण आहे, नम्र आहे. म्हणाला, एवढ्या जुन्या वहीत आता काही लिहिता येत नाही, काका. बरोबरच आहे, मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं. म्हणून इथे लिहितो आहे. कड्याचे परवानाधारक वायरमन सुखदेव साळवे यांनी त्या दिवशी मेन पाडला होता, फ्यूज काढला होता आणि घरच्या माणसाच्या हातात दिला होता. हलगर्जीपणा त्यांचा नव्हता.

आणि वर एक गोष्ट मी गाळली आहे. वहिनींनाही सांगितली नाही. आईने आपणहून मोटर लावली असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. फाटकातून बाहेर पडताना मीच सवयीने ओरडलो होतो, "आई, मोटर लाव!" गेली इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की हौदावरच्या कलकलाटात ते वर शिडीवर साळव्यांना ऐकू गेलं नसेल. परवा मधल्या खोलीत पंख्याच्या हुकाखाली शिडी लावली आणि या वयात वर चढलो. खिडकीतून फाटक दिसतं, हौदाची जागा दिसते. बायको फाटकापाशी शेजारणीशी भाजीचं काहीतरी बोलत होती, नेहमीच्याच आवाजात. तिचा शब्दन् शब्द मला वर ऐकू येत होता. उतरायला मला फार वेळ लागला.