साळखात्यातली बोलणी

सोलापुरातल्या एका गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे जिथं मागांवर कापड विणतात तिथं, मी अकरा वर्षं कारकून होतो. तिथले किस्से मुद्दाम साठवावे लागले नाहीत. रोज मनात चरफडत राहिलो आणि ते साठत गेले. मंडळी ऐकून हसतात. मला अजून राग येतो.

खात्यावर पेठे मास्तर, मुंबईहून शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली नरसय्या जॉबर, विणकरांचा मुकादम. घरी तेलुगू, बाजारात कानडी, माझ्याशी मराठी.

मास्तरांनी आल्या आल्या दाराशी फळा टांगला आणि हुकूम लिहिला : जाड सुताचे धोटे उद्यापासून वेगळ्या पेटीत ठेवावेत. हुकूम इंग्रजीत! दुसऱ्या दिवशी धोटे जिथल्या तिथं. मास्तर तापले. मी म्हटलं, साहेब, खात्यात इंग्रजी वाचणारा मी एकटाच.

"मग तुम्हाला कळलं ना? झालं तर."

शेवटी नरसय्यानं माझ्याकडून मजकूर समजून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तीन भाषांत सांगितला. दुपारी पेट्या भरल्या. मास्तरांच्या रिपोर्टात ओळ आली, फळ्याचा चांगला उपयोग झाला. ती ओळ माझ्याच हातानं सुवाच्य लिहून गेली.

*

मग तक्रारपेटी आली. तक्रार लेखीच हवी. लिहिता येणारे चार-पाच, तेही भीत. महिनाअखेर पेटी रिकामी निघाली, तर मास्तर मॅनेजरांना सांगून आले की आपल्या खात्यात कुणाची काही तक्रारच नाही.

*

माग सुरू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून सगळे हातांनी बोलत. सूत संपलं, पट्टा सैल झाला, सगळ्याला खुणा ठरलेल्या. मास्तरांना ती टवाळी वाटली. त्यांनी खुणा बंद केल्या. झालं, जो तो माग सोडून नरसय्याच्या कानाशी यायला लागला. मागं धागे तुटत राहिले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनाच नरसय्या हवा होता. ओरडून घसा बसला, तेव्हा त्यांनी लांबून हात हलवला. नरसय्यानं पाहिलं, पण हलला नाही. मास्तर तणतणत गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "हातानं बोलायला बंदी हाय की, साहेब."

*

इरण्णा नावाच्या विणकराचा एक तागा मुंबईच्या पेढीला फार आवडला. तसं पत्र आलं. मास्तर पत्र घेऊन त्याच्या मागापाशी गेले आणि तिथं उभ्या माणसाची पाठ थोपटली. तो होता त्या सकाळी आलेला बदली कामगार! इरण्णा तापानं घरी पडलेला. बदलीवाला सांगायला बघत होता. मास्तरांना वाटलं, लाजतोय.

इरण्णा कामावर आला तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, आता त्यालाही सांगा.

"एकदा शाबासकी दिलीय. तेच तेच किती वेळा सांगायचं?"

इरण्णाला हे बदलीवाल्याकडून आधीच कळलं होतं. तो मागावर जाऊन उभा राहिला. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

नरसय्या तीस वर्षांनी काम सोडून निघाला, तेव्हा मास्तरांनी समारंभ ठेवला. अर्धा तास स्वतःच्या शिस्तीवर बोलले आणि त्याला सारखं नरसिंग म्हणत राहिले. मी खऱ्या नावाची चिठ्ठी पुढं सरकवली. ती न वाचताच खिशात गेली. मग त्यांनी नरसय्याला फर्मावलं, दोन शब्द बोला.

नरसय्या उभा राहिला. "मला भाषान येत न्हाई. मानसं ठावं हायती."

आणि त्यानं पहिल्या मागापासून सुरुवात केली.

"लक्ष्मय्या. नवा मानूस ह्याच्याजवळ दिला की आठ दिसांत शिकतो. कासिमभाई. सूत तुटायच्या आधी ह्यास्नी कळतं."

ज्याचं नाव येई तो उठून उभा राही आणि मग खाली बसत नसे. एक रांग उभी राहिली, दुसरी राहिली. मास्तरांनी दोनदा घड्याळ काढलं, नंतर काढलं नाही. शेवटी दाराजवळ झाडणारी बाळव्वा पदर सावरत उठली. नरसय्या म्हणाला, हिच्यामुळं खात्यात कधी कुणाचा पाय घसरला नाही.

आता बसलेले आम्ही दोघंच. मास्तर माझ्या कानाशी वाकले.

"जोशी, हे सगळे आपल्याच खात्यातले?"