उस्तादांच्या पोटातली लाइन

कापडगिरणीच्या वायरिंग खात्यात उस्तादांची एक पद्धत होती. कुणीही नवी जोडणी केली, की ते स्वतः शिडी चढून ती बघत आणि मग एकदम पूर्ण लोड टाकायला लावत. पंखे, दिवे, मोटारी, सगळं एकाच वेळी. "रडतखडत चालणारी लाइन मला नको," म्हणत. जोडणी टिकली तर नुसती मान हलवत. नाही टिकली तर करणाऱ्याचा चारचौघांत असा उद्धार करत, की त्याला त्यापेक्षा विजेचा धक्का परवडला असता.

अशा माणसाच्या पोटानेच संप पुकारला. जुन्या मधुमेहाने जठराच्या नसा मंदावल्या होत्या. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर यायचं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला. एकदा शिडीवर चक्कर आली आणि साहेबांनी त्यांना उचलून स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला बल्ब द्यायला. उस्तादांना उलट्यांपेक्षा ते स्टूल जास्त लागलं.

औषधं हरल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सुचवला. पोटाच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं, त्याच्या दोन बारीक तारा जठराच्या भिंतीत न्यायच्या आणि हलका प्रवाह सोडत राहायचा.

"सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, काका. पण मळमळ आणि उलट्या कमी होतील अशी आशा आहे."

"जोडणी कोण करणार?" उस्तादांनी विचारलं.

"मीच."

उस्तादांनी त्यांचे हात नीट न्याहाळले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "हात स्थिर आहेत बाईंचे. खात्यात घेतलं असतं मी."

"नशीब काढलं त्यांनी," बायको म्हणाली.

यंत्र बसलं. घरी आल्यावर उस्ताद पोटावर हात ठेवून वाट बघत राहिले. मुंग्या नाहीत, झिणझिण्या नाहीत. शेवटी खिशातला टेस्टर काढून टाक्यांच्या बाजूला लावून पाहिला. तो कशाला लागतोय.

"अहो, पोट आहे ते, बोर्ड नाही."

"लाइनमध्ये करंटच नाही."

"जाणवणार नाही असं बाईंनी आधीच सांगितलंय. थोडं थोडं खायचं, मऊ खायचं, बस्स."

"थोडं थोडं खाऊन लाइन कळते होय?"

आणि बायको शेजारी गेल्याची संधी साधून उस्तादांनी जन्मभर केलं तेच केलं. पूर्ण लोड टाकला. पातेल्यातला सगळा भात, तळलेले बटाटे, वर फ्रीजमधलं उरलंसुरलं. ताट लख्ख केलं. बायको परतली तेव्हा ते मोरीत ओणवे होते.

"मेली लाइन," ते भिंतीला टेकून म्हणाले. "आता शिडी विसरायची. बल्ब वाटत बसायचं मरेपर्यंत."

बायको भांडली नाही, एवढ्यावरून ती किती घाबरली असेल ते समजावं. तिने रिक्षा बोलावली आणि इस्पितळात ताटाचा सगळा पंचनामा बाईंसमोर मांडला. बाईंनी पोटावर यंत्र तपासायचं साधन धरलं, पडद्यावरचे आकडे पाहिले.

"चालू आहे की व्यवस्थित. प्रवाह जरा वाढवते. पण काका, हे मळमळ शांत करतं, जठराची चक्की करून देत नाही. मंद पोटावर एवढं ताट रिकामं केलं तर दुसरं काय होणार?"

उस्तादांनी मान वळवून पडद्यावरचे आकडे स्वतः वाचले.

"म्हणजे जोडणीत खोट नाही."

"अजिबात नाही."

"मग लोड टाकणारा चुकला."

"डॉक्टरीणबाई, एवढं वाक्य जरा कागदावर लिहून द्या," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय."

त्यानंतर उस्ताद शहाण्यासारखे वागले. बायकोच्या मते हाच खरा चमत्कार. वाटीभर सूप, वाटीभर मऊ भात, मग थांबायचं. मध्ये काही दिवस वाईट गेले, बाईंनी दोनदा प्रवाह कमीजास्त केला. उलट्या पार थांबल्या नाहीत, पण विरळ झाल्या. सदऱ्यात पुन्हा माणूस दिसू लागला. पुढे बाईंनी कामावर जायची परवानगी दिली, एका अटीवर: वेल्डिंग आणि मोठ्या मोटारींपासून लांब राहायचं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उस्तादांनी छोटा डबा उघडला, तर सगळं खातं आपापले घास हातात धरून त्यांच्याकडे बघत बसलेलं.

"काय सिनेमा लागलाय?" म्हणत त्यांनी सावकाश, चावून चावून अर्धा डबा संपवला आणि झाकण लावलं. थोडा वेळ गेला. काहीही झालं नाही. तेव्हा सदरा जरा वर करून त्यांनी व्रण दाखवला.

"बघून घ्या. आतल्या तारा नुसत्या दोऱ्यासारख्या आहेत, आणि समोरचं जठर सारखं हलतंय. तरी जोडणी सुटली नाही. तुमच्यातल्या एकाने तरी असं काम करून दाखवावं."

सुट्टी संपल्यावर गोदामातला पंखा बघायला ते निघाले. शिडी लावली, चढले. खाली दोघांनी काळजीने शिडी धरली, तर वरून आवाज आला, "मला धरायचा पगार घेता का रे? चला, आपापल्या कामाला लागा."

दोघेही हसत हसत हात सोडून बाजूला झाले.