समितीसाठी धुतलेली आळी

कऱ्हाडहून निघालेली एसटी कळंबोलीच्या पुलाजवळ थांबली. मी दोन्ही पिशव्या सावरत उतरले आणि पहिला श्वास घेताच ठसका लागला. पोलादाचे गठ्ठे लादलेले ट्रेलर रांगेनं उभे होते आणि वर आभाळ ताकाच्या निवळीसारखं मळकट. संक्रांत नुकतीच झाली होती. आमच्याकडे या दिवसांत आगाशिवाचा डोंगर कसा लख्ख दिसतो! इथे समोरची इमारत दिसायची पंचाईत.

जावई नितीनराव स्कूटर घेऊन आले. "मम्मी, पदर बांधा तोंडाला. टेन्शन नका घेऊ, दोन दिवसांत सवय होते."

"ही सवय व्हावी म्हणून नाही आले मी," म्हटलं. मी तोंडाची फटकळ, हे जावयांना लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं.

आले होते ती विहीणबाईंसाठी. नावड्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून त्यांचं आगरी गाव आहे. मंदाताई त्यांचं नाव. गावाशेजारी कोळशावर चालणारा एक नवा वीजप्रकल्प येऊ घातलाय आणि त्याला हवेचा परवाना (चिमणीतून किती आणि काय सोडायचं, याची सरकारी संमती) मिळालाही आहे. त्या परवान्याविरुद्ध पुण्याच्या न्यायाधिकरणात अपील झालंय, आणि अपील करणारी म्हणून पहिलं नाव आमच्या मंदाताईंचं! शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली ही बाई कंपनीच्या वकिलांसमोर उभी राहिली, याचं मला भारी अप्रूप. शिवाय परवा न्यायाधिकरणानं नेमलेली समिती गाव बघायला येणार होती. मुलगी आणि जावई नोकरीमुळे कळंबोलीत वेगळे राहतात. ती फोनवर म्हणाली, "आई, तू ये. आत्याबाईंना धीर येईल." तिला माहेरची आठवण आली की ती अशीच दुसऱ्याचं नाव पुढे करते.

ओट्यावर भाऊ, म्हणजे आमचे व्याही, खुर्चीत बसले होते. उठू लागले आणि खोकल्यानं परत बसले. पूर्वी खाडीत बांध घालणारा हा धिप्पाड माणूस. आता दोन वाक्यांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं.

"या विहीनबाय, या," मंदाताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "पाय धुवा आदी. पदर झटका, काजली बसली असंल."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जिताड्याचं (खाडीच्या तोंडाशी मिळणारा मोठा मासा) कालवण. जिताडं आता जवळ मिळत नाही, लांबून आणावं लागतं. भाकरी इतकी पातळ आणि मऊ की आमची ज्वारीची तिच्यापुढे अगदीच राकट. मंदाताई मात्र धड जेवल्या नाहीत. भाऊंकडे बघत म्हणाल्या, "डाक्टर बोलला, हवा बदला. यानला नाय जायाचं. मंग मी म्हनलं, हवाच बदलूया. कोरटात जाऊया."

"जमीन दिली, खाजन (भरतीच्या पाण्याखालची शेती) दिलं," भाऊ दम घेत म्हणाले. "आता घर पन सोरू? मी मरंन तर हितंच."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सानपाड्याला वकीलबाईंकडे गेलो. एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं छोटं ऑफिस. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं झपाझप. मला काही कळत नाही असं मी आधीच सांगून टाकलं, तेव्हा हसल्या आणि मराठीत समजावलं. कंपनीनं अर्जात हवेचे आकडे दिलेत ते स्वतःच्या फाटकाजवळचे, वारा उलट असतानाचे. गावात यंत्र लावलंच नाही. आधीचे कारखाने गावावर काय टाकतात ते न मोजताच नव्या चिमणीला परवाना दिला, हा आपला मुद्दा. म्हणून समिती येऊन छपरांवरची, खिडक्यांवरची, झाडांच्या पानांवरची काजळी बघेल, नमुने नेईल.

"परवाना रद्द झाला तर?" मी विचारलं.

"तर प्रकल्प इथे येत नाही. नाही झाला, तर वर्षभरात चिमणी उभी." मग मंदाताईंकडे वळून म्हणाल्या, "मावशी, उद्या फक्त घरी थांबा. विचारतील ते खरं सांगा. बस."

मंदाताईंनी मान डोलावली. परतताना मात्र त्यांचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. "मोठी मोठी मान्सं येनार. कोरटाची. आनि आपली आली (आळी) बगा कशी हाय."

घरी पोहोचताच त्यांनी आळीतल्या बायांना हाक दिली. आगरी घरात पाहुणा येणार म्हटल्यावर काय होतं ते मी लेकीच्या लग्नात पाहिलेलं, पण हे काही औरच होतं. संध्याकाळी शिड्या लागल्या, कौलांवर आणि पत्र्यांवर पाण्याच्या नळ्या सुटल्या. खिडक्यांचे गज कपड्यानं पुसले. दारातल्या आंब्याला तर न्हाऊच घातलं. पानापानांवरून काळं पाणी ओघळून गटारात गेलं. मीही पदर खोचून ओटा घासला. काय हसलो आम्ही! एक म्हातारी म्हणाली, "साताऱ्याची विहीन आलीय आमची आली झारायला!" पहाटे शेण सारवून, रांगोळ्या घालून गल्ली अशी झाली की लग्नघर वाटावं. वीस-पंचवीस बाया होतो आम्ही, सगळ्या शहाण्यासुरत्या. एकीच्याही डोक्यात आलं नाही.

समितीचे तिघे दहाच्या सुमारास आले. मागून वकीलबाईंची रिक्षा. त्या उतरल्या, आळीकडे बघितलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, बाईंना बरं नाही.

समितीतल्या वयस्कर साहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावरून पांढरा कापूस फिरवला. कापूस पांढराच. आंब्याचं पान उलटसुलट करून पाहिलं. पान हिरवंगार. ते मनापासून म्हणाले, "बाई, गाव फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही."

मंदाताईंचं तोंड केवढं खुललं! "तुमी येनार म्हनून सगल्या बाया लागल्यो ना साहेब! काल आला असता तर बोट ठेवायची सोय नव्हती. काली काजली होती हितं, ही एवरी!"

साहेबांचा हात थांबला. त्यांनी एकदा मंदाताईंकडे पाहिलं, एकदा कापसाकडे. वाईट वाटलं असावं त्यांना. पण ते बघायला आले होते आणि दिसलं ते लिहिणं त्यांना भाग होतं. वकीलबाई पुढे होऊन म्हणाल्या, "सर, यांनी काल सगळं धुतलंय, हे तरी नोंदवा." त्यांनी नोंदवलं. चहाला मात्र हात लावला नाही. नियमात बसत नाही म्हणाले. चुलीवर पाहुण्यांसाठी जिताडं शिजत होतं.

गाडी गेल्यावर वकीलबाईंनी मंदाताईंना जवळ बसवून सांगितलं. हळू सांगितलं, पण सांगितलं. मंदाताईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "अगो माझे आये! पुरावा धुतला गो मी. माज्या हातान धुतला!" त्यांना कसं आवरावं तेच कळेना. मला स्वतःचा रागही येत होता आणि पाहुण्यांना मळक्या ओट्यावर कोणती बाई बसवेल, असंही वाटत होतं.

मी चार दिवसांनी निघणार होते, राहिले. पुढच्याच आठवड्यात वकीलबाईंचा फोन आला: पुन्हा पाहणी व्हावी हा त्यांचा अर्ज मान्य झालाय, समिती पुन्हा येईल, पण न कळवता. आज, उद्या, महिन्यानं, कधीही. तोवर छपराला, खिडकीला, झाडाला कुणी हात लावायचा नाही.

मंदाताईंनी केरसुणी माळ्यावर टाकली. दोन दिवसांत ओटा करडा झाला, चौथ्या दिवशी काळा. चालताना पावलं उमटायला लागली. वाऱ्यानं काजळी उंबऱ्याच्या आत यायची, आणि भाऊंचा खोकला थांबेना. एका सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसले. मंदाताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमी विहीनबायसोबत कराडला जा."

"सुनंच्या माहेरी राहू? लोकां काय बोलतील?"

"बोलू दे. ही धूल मला राखायची हाय, आनि तुमाला पन राखायचाय. दोनी एका घरान नाय होत."

भाऊ उठले. भिंतीवरचा सदरा काढून त्यांनी घातला. मी आत जाऊन पिशवी भरत बसले.

एसटीत खंबाटकी मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. कऱ्हाडात आमच्या घराला विशेष काही नाही. मागे परस, एक शेवगा, कृष्णेकडून येणारा वारा. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते माजघरात सतरंजीवर आडवे झाले. गावी ते भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचे, आडवं झालं की श्वास कोंडायचा. इथे चक्क उताणे झोपले.

मी दारात उभी राहून बघत होते. कायद्याचं मला कळत नाही. पण वाटलं, कापूस घेऊन आलेल्या त्या साहेबांना हे दाखवता आलं असतं तर! एका माणसाची दुपारची झोप कुठल्या अर्जाला जोडायची?

मंदाताईंना फोन लावला. समिती आलेली नव्हती. खिडक्यांच्या फटी ओल्या फडक्यांनी बंद करून त्या एकट्याच आत राहत होत्या.

"काय करतान ते?"

"झोपलेत. उताणे."

त्या म्हणाल्या, "फोन त्यांचे जवल धरा."

मी भाऊंच्या उशाशी बसले आणि फोन त्यांच्या नाकाजवळ धरला. छाती शांतपणे वरखाली होत होती. पलीकडून बारीक आवाज आला, "विहीनबाय, कायच आयकू येत नाय."

"हो ना," म्हटलं. "काहीच नाही."

"मंग तसाच धरा," त्या म्हणाल्या. "अजून थोरा येल धरा."