वळणापर्यंतची व्हर्लीन

व्हर्लीन स्टॉडर्ड मेस्किट फ्लॅट हे गाव कायमचं सोडून गेली, आणि तेही इतक्या वेळा की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅफेसमोरच्या कुत्र्यांनीसुद्धा तिच्यावर भुंकणं सोडून दिलं. दर वेळी ती लायलच्या मोटरसायकलवर मागे बसायची, केस वाऱ्यावर मोकळे सोडायची, बापाच्या पेट्रोल पंपावरून निघायची आणि पश्चिमेच्या वळणाआड दिसेनाशी व्हायची. थोड्या वेळाने धुळीने माखून परत. ये रे माझ्या मागल्या!

एकोणसत्तर सालचा उन्हाळा होता. न्यू मेक्सिकोच्या त्या उजाड रस्त्यावर सिनेमावाले उतरले होते. गोष्ट अशी, की दोन लांब केसांचे तरुण शहरातलं सगळं विकून मोटरसायकलींवर स्वातंत्र्य शोधत देशभर फिरतात. वाटेत एका पंपावरची पोरगी हातातली नळी खाली टाकते, एका शब्दाने काही न विचारता त्यांच्यातल्या एकाच्या मागे बसते आणि निघून जाते. या कामासाठी लॉस एंजेलिसहून एक नटी आणली होती. तिला तिथलं ऊन आणि इनेझच्या कॅफेतली हिरवी मिरची, दोन्ही एकदमच बाधली आणि तिला परत पाठवावं लागलं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून पंपावर बसला असताना समोर व्हर्लीन नळी खांद्यावर टाकून उभी होती. वय एकोणीस.

"हीच!" तो ओरडला. "चेहरा दाखवायचाच नाही. पाठमोरी जाऊ दे. मोकळी!"

मोकळी म्हणे. व्हर्लीन बारा वर्षांची होती तेव्हा आई वारली आणि लगोलग बापाच्या, ऑर्व्हलच्या, डोळ्यांत साखर उतरून तो आंधळा झाला. तेव्हापासून तिचा सगळा दिवस एका घंटेच्या हातात होता. पंपासमोर जमिनीवर एक काळी रबरी नळी आडवी टाकलेली असायची. गाडीचं चाक तिच्यावरून गेलं की आत टिंग-टिंग व्हायचं. कोरड्या हवेत तो आवाज पार वळणापर्यंत ऐकू यायचा. मग व्हर्लीन तोंडात घास असो की डोक्याला साबण, "आले, आले!" करत धावायची. शाळेच्या शेवटच्या वर्षी वर्गात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ही "आले!" म्हणून उठून उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस पोरं तिला बघितलं की टिंग-टिंग करायची.

तिला जायचं होतं. कुठे, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आठवड्याचा बाजार पूर्वेच्या गावात, दाताचा डॉक्टरही तिकडेच. पश्चिमेला ती गेली ती फक्त एका चुलत्याच्या मयताला, आणि तिथूनही अंधार पडायच्या आत परत. पण येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरपाटीवर ती राज्याचं नाव वाचायची आणि काच पुसता पुसता आतल्या माणसांकडे टक लावून बघायची.

सिनेमावाले आले तेव्हा तिला वाटलं, मोकळी माणसं बघायची तर हीच. दोन दिवसांत तिचा पार भ्रमनिरास झाला. जगाचे पाश तोडून निघालेल्या नायकाला मोटरसायकलवर चक्कर यायची, म्हणून त्याच्या जागी लायल बसायचा. लायल पन्नाशीकडे झुकलेला, डोक्याने टकला. त्याच्या डोक्यावर डिंकाने लांब केसांचा टोप चिकटवलेला. उन्हात डिंक वितळला की कानामागून ओघळायचा आणि तो शिव्या देत पुसायचा. दिग्दर्शकाच्या गळ्यात मण्यांच्या माळा आणि तोंडी सदानकदा "सगळं आपोआप घडू दे". पण आपोआप काही घडलं की तोच खवळायचा. कधी ढग आला, कधी कुत्रं आडवं गेलं, कधी धूळ म्हणावी तशी उडाली नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. "पुन्हा!" की व्हर्लीन पुन्हा नळी खाली टाकायची.

पेट्रोल भरायचं कामही तिचंच. सिनेमा कंपनीच्या हिशेबनीसाची ताकीद होती, टाकीत पेलाभरच टाकायचं, वळणापर्यंत जाऊन परत येण्यापुरतं. मागच्या गावात एक पोरगा कंपनीची मोटरसायकल घेऊन थेट मेक्सिकोत पसार झाला होता, तेव्हापासून ही खबरदारी. एवढी लखलखती गाडी, आणि पोटात पाणी प्यायच्या भांड्याएवढं पेट्रोल. व्हर्लीनला पहिल्यांदा हसू आलं. नंतर येईनासं झालं.

आणि आणखी एक गोष्ट होती. मोटरसायकलचे आरसे काढून टाकले होते, कारण मोकळा माणूस मागे वळून बघत नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. त्यामुळे लायलला मागचं काहीच दिसायचं नाही. चित्रण संपलं की पंपापाशी एक माणूस लाल फडकं हलवायचा. ते बघायचं व्हर्लीनने आणि लायलच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक करायची. टकटक झाली की लायल थांबणार. म्हणजे पळून जाणारीही तीच आणि थांबवणारीही तीच.

"तुम्ही अशा किती जणींना पळवलंत हो?" वळणावर धूळ झटकत तिने एकदा विचारलं.

"मोजत नाही," लायल म्हणाला. "मी बँका लुटून पळालोय, तुरुंग फोडून पळालोय, एकदा तर बायकोला सोडून पळालो. संध्याकाळी सहाला घरी. खरी बायको दारात उभीच असते, कचरा टाकायला सांगायला."

"आणि खरंच पळावंसं नाही वाटत?"

"पोरी, पेलाभर पेट्रोलात माणूस किती विचार करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा दिग्दर्शकाने सांगितलं, आता ही शेवटची खेप, उजेड जातोय. हिशेबनीस सावलीत झोपला होता. व्हर्लीनने टाकीत नळी घातली आणि काढलीच नाही. पेट्रोल काठोकाठ आलं, थोडं ओघळलंही. तिने ते आपल्या झग्याने पुसलं.

लायल बसला आणि गाडीचं वजन त्याच्या ताबडतोब लक्षात आलं. त्याने टाकीवर बोटं वाजवली. भरीव आवाज आला.

"आज फारच उदार झालीस गं."

व्हर्लीनने टाकीचं झाकण घट्ट फिरवलं.

"हे बघ," तो मान न वळवता म्हणाला, "मला मागचं दिसत नाही. टकटक केलीस तर मी थांबणार. नाही केलीस तर पेट्रोल संपेल तिथे थांबू. पुढचं तुझं तू बघ. मी कुणाला घेऊन चाललो नाही आणि कुणाला अडवतही नाही. काय?"

"बरं."

ती बसली. केस मोकळे सोडले. गाडी निघाली, इनेझचा कॅफे गेला, पाण्याची टाकी गेली, गावाच्या नावाची पाटी गेली, वळण आलं. व्हर्लीनने सवयीने मागे बघितलं. लाल फडकं हललं.

आणि तिच्या दोन बोटांनी टकटक केली.

मग तिला बाप दिसला. पंपावर एक ट्रक येऊन उभा होता आणि ऑर्व्हल भिंत चाचपत बाहेर येत होता, भलत्याच दिशेला तोंड करून. ते तिने बघितलं खरं. पण नंतर बघितलं. बोटं आधी वाजली होती.

लायल थांबला. इंजिन बंद केलं. मग डोक्यावरचा टोप काढून त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "चल, घरी सोडतो."

गावाला यातलं आपल्या परीने जे कळायचं ते कळलं. टाकी भरली होती हे हिशेबनीसाने ओरडून सगळ्यांना सांगितलंच होतं. त्यावरून मेस्किट फ्लॅटने गोष्ट रचली, की पोरगी निघाली होती, पण आंधळ्या बापाला बघून तिचं काळीज पिळवटलं आणि ती परत फिरली. रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये तिचं उदाहरण दिलं. बायकांनी डोळे पुसले. व्हर्लीन मान खाली घालून बसली होती आणि लोकांना तो विनय वाटला. बापासाठी थांबले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येत होतं. त्या थांबण्याला काही किंमत तरी असती. ती कशासाठीच थांबली नव्हती. फडकं हललं म्हणून थांबली होती, घंटा वाजली म्हणून धावतात तशी. हे ती कुणालाही सांगू शकली नाही आणि या एका गोष्टीची तिला जन्मभर स्वतःची चीड आली.

सिनेमा पुढच्या वर्षी शेजारच्या गावात, गाडीत बसून बघायच्या उघड्या मैदानात लागला. तिने बापाला नेलं. त्याला दिसत तर काहीच नव्हतं. तो खिडकीला अडकवलेल्या कर्ण्याला कान लावून बसला.

"गेलीस का?" त्याने विचारलं.

"गेले, डॅडी."

"छान दिसलीस?"

"पाठमोरीच आहे. पण छान."

"मग परत कधी येतेस?"

"परत येताना दाखवलंच नाही."

ऑर्व्हल हसला. त्याला तो विनोद वाटला. पडद्यावर ते दोघे तरुण शेवटी समुद्रापाशी पोचले, एका पुलाखाली बसले, आणि आता कुठे जायचं ते दोघांनाही सुचेना. त्या पोरीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

पण प्रेक्षकांनी विचारलं. वर्षानुवर्षं विचारलं. मोठा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, दुकानं बंद पडली, पण मोटरसायकलींवर लांब केसांची माणसं वाट वाकडी करून पंपावर येत राहिली. इथूनच ती गेली ना? नळी इथेच टाकली ना? पहिल्यांदा एका पोराला व्हर्लीनने सरळ सांगितलं, "ती मीच." त्याने तिच्याकडे, तिच्या तेलकट झग्याकडे, तिच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला. पेट्रोल न भरताच तो निघून गेला.

"वेडी आहेस का?" इनेझ कॅफेच्या दारातून म्हणाली. "माणसं इतक्या लांबून काय तुला बघायला येतात? ती गेली, हे बघायला येतात. सांग, सान फ्रान्सिस्कोला असते म्हणून."

तेव्हापासून ती सान फ्रान्सिस्कोला असते. टेकडीवर घर आहे, खिडकीतून पाणी दिसतं. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकायचे आणि ते टाकी भरून घ्यायचे. व्हर्लीन ही कधीच न गेलेली बाई, आणि तिच्या जाण्यावर तिचंच पोट चाललं होतं. इनेझला यात मौज वाटायची. व्हर्लीनलाही वाटायची, एखाद्या दिवशी. बाकीच्या दिवशी ती घरात येऊन दार लावून घ्यायची.

ऑर्व्हल गेला. त्याला पुरून आल्यावर गाव म्हणालं, आता मोकळी झालीस. तीही तसंच म्हणाली. मग घंटा वाजली.

कोरी आली तेव्हा व्हर्लीन पन्नाशीला आली होती. पंचविशीची, उन्हाने नाक सोललेली पोरगी, एकटीच, जुनी खडखडती मोटरसायकल. नेहमीचा प्रश्न झाला, सान फ्रान्सिस्कोचं उत्तर झालं. सुटे पैसे आणायला व्हर्लीन पाठ फिरवून आत निघाली.

"थांबा," कोरी म्हणाली. "तुम्हीच त्या."

"कोण?"

"मी तो सिनेमा इतक्यांदा बघितलाय, तुमची पाठ मला माझ्या आईच्या पाठीपेक्षा ओळखीची आहे. डावा खांदा खाली जातो तुमचा. नळी उचलून, नाही का?"

व्हर्लीनने चेहरा पडायची वाट बघितली. पडला नाही. पोरीने फक्त मागची बैठक हाताने पुसली.

"मी समुद्रापर्यंत चाललेय. टाकी तुम्हीच भरलीत. बसा."

"पंप कोण बघेल?"

"काय आहे बघायला?" हे इनेझ म्हणाली. ती आता काठी टेकत चालायची, पण कान शाबूत होते. "दिवसाला एक गाडी येते आणि तीसुद्धा रस्ता विचारायला. किल्ली दे इकडे. जा गं बाई, एकदाची जा!"

व्हर्लीनने किल्ली दिली. आतून गरम कोट आणला. ती बसली. केस आखूड आणि पांढरे झाले होते, तरी तिने त्यांना बांधलेला रुमाल सोडला.

कॅफे गेला. पाण्याची टाकी गेली. गावाच्या नावाची पाटी गंजून गेली होती, तिचा नुसता खांब गेला. वळण आलं. व्हर्लीनने मागे बघितलं. लाल फडकं नव्हतं. भिंत चाचपणारा बाप नव्हता. रस्ता होता आणि ऊन होतं.

तिच्या दोन बोटांनी कोरीच्या पाठीवर टकटक केली.

गाडी थांबली. "काही विसरलात?"

व्हर्लीन खाली उतरली होती. उतरल्यावर तिच्या ते लक्षात आलं. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ती उभी राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही थांबवलं गं. खरंच, मी नाही."

"मग बसा ना परत. घाई नाही मला."

कोरीने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. व्हर्लीनने बैठकीला हात लावला. ती तापली होती. बसायचं म्हणून तिने एक पाय उचललासुद्धा.

तेवढ्यात मागून, कोरड्या हवेतून, स्पष्ट आवाज आला. कुणीतरी रस्ता विचारायला थांबलं असेल. टिंग-टिंग.

पाय आधी वळले, मग ती वळली. "आले, आले!" ती ओरडली आणि धावायला लागली.