बांधावरचा पिवळा खांब

माझं आणि देवाचं त्या दिवसापर्यंत भांडणच होतं, आणि ते पुरतं मिटलंय असं आजही मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमचं घर वडगाव निंबाळकरचं, कुलदैवत खंडोबा. माझे वडील, आबा, टोमॅटोच्या वाफ्यात पाऊल ठेवण्याआधी देवाला भंडारा वाहतात. मी मात्र पेट्रोलियमची पदवी घेऊन समुद्रातल्या तेलविहिरीवर जायची स्वप्नं बघत होते, आणि देवानं मला पाठवलं कुठं, तर भिगवणला! जमिनीखालून पेट्रोल वाहून नेणाऱ्या पाइपलाइनवर, सगळ्यात खालच्या पायरीची फील्ड इंजिनिअर म्हणून. काम काय, तर इंदापूरपर्यंत बांधाबांधानं हिंडायचं आणि 'इथं खणू नका हो' म्हणून लोकांच्या विनवण्या करायच्या. लोक मला 'पायपाची म्याडम' म्हणत. रात्रीचा दिवस केला तो याच्यासाठी का, असं मी एकदा देव्हाऱ्यापुढं उभी राहून विचारलं. उत्तर आलं नाही. मग मी हात जोडणंच बंद केलं.

उजनी धरणाच्या फुगवट्यावरून उसाला पाणी आणायला तिकडचे शेतकरी स्वतःची पाइपलाइन टाकतात. तशी एक तात्यांना टाकायची होती. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस, शब्द खाली पडायची सवय नाही. आमच्या पाइपापासून ठरलेलं अंतर सोडून चर खणायला कंपनीनं त्यांना परवानगी दिली होती, आणि खणताना तिथं उभं राहायचं काम माझं. पाइप कुठून गेलाय हे कळावं म्हणून शेताशेतात पिवळे खांब रोवलेले असतात. आम्ही त्यांना मार्कर म्हणतो. पण नुसत्या खांबावर विसंबू नये, यंत्र फिरवून पाइप नेमका शोधावा, असा नियम आहे. ते यंत्र मी किती दिवस मागत होते! शेवटी खणायच्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "अहो मॅडम, मार्कर आहे ना? त्यावरून मोजा आणि उरका. वरून दोनदा फोन आलाय. प्रत्येक गोष्टीत काय अडून बसता?" नियम यांनीच शिकवायचा आणि मोडायलाही यांनीच सांगायचं! उद्या काही झालं तर मान कुणाची, तर माझी.

मार्कर बांधाला होता. पुढचा मार्कर शेजारच्या उंच उसात बुडालेला, इथून दिसत नव्हता. मी अंतर मोजलं, ते बरोबर भरलं. चर कुठून जाणार ते दाखवणारी चुन्याची फक्की मारून झाली. मन मात्र मानत नव्हतं. तात्यांची म्हातारी आई, जिजी, पूजेचं ताट घेऊन आली होती. तिनं उदबत्त्या लावल्या, चहासाठी फक्कीजवळच स्टो पेटवला. आणि नारळच विसरलेला! जेसीबीचा ड्रायव्हर काही केल्या सुरुवात करेना. "नारळाबिगर म्या मातीला हात लावत न्हाय, तात्या." मग नारळ आणायला गडी मोटारसायकलवरून भिगवणला. मी उन्हात उभी राहून धुमसत होते. यंत्राशिवाय खणलेलं सगळ्यांना चालतं, नारळाशिवाय नाही!

एकदाचा नारळ आला. फोडायला दगड शोधू लागले, तर त्या काळ्या रानात दगड कुठला?

तात्या म्हणाले, "त्यो खांब हाय की. हाना त्याच्यावर."

"अहो, तो कंपनीचा मार्कर आहे!" मी ओरडले.

"नारळानं काय मोडतोय व्हय?"

ड्रायव्हरनं नारळ हाणला. नारळ फुटला नाही. खांब मात्र डुगडुगला आणि सरळ आडवा झाला. आमचे मार्कर खाली सिमेंटच्या ठोकळ्यात पक्के बसवलेले असतात. याच्या बुडाशी नुसती माती होती.

"तात्या, हा खांब इथं कुणी रोवला?"

"आमीच. रानात ट्रॅक्टरला आडवा येत व्हता, म्हून बांधाला आणला. सरकारी चीज, फेकून थोडीच देनार? दर दिवाळीला रंग देतो की!"

हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मूळ जागा कुठं होती, ते त्यांना आठवेना. मी धावत जाऊन जेसीबीच्या पुढं उभी राहिले. स्टो विझवायला लावला. तात्या भडकले, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, खिशात साहेबांचा फोन वाजत राहिला. "आधी खोऱ्यानं खणा," मी म्हणाले. "नाहीतर मशीन माझ्या अंगावरून न्या." गडी कुरकुरत उतरले. हळूहळू माती निघाली आणि खाली आमचा पाइप दिसला. थेट फक्कीच्या खाली. मशीनचा पहिला घाव तिथंच बसला असता, आणि हातभर अंतरावर जिजी चहा करत होती.

ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं पायातली चप्पल काढली. मला मात्र आधी देवाचाच राग आला. वेळेवर ते यंत्र पाठवायला काय झालं होतं रे तुला? एवढ्या माणसांचा जीव नारळावर टांगलास? आणि मग मी बांधावर बसून हमसून रडले आणि आबांसारखंच 'येळकोट येळकोट' तोंडातून निघून गेलं. जिजीनं पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाली, "रागवू नगं पोरी. त्यानंच हलविला त्यो खांब."

खांब हलला, कारण तो नीट रोवलेला नव्हता. एवढं मला कळतं. त्या दिवशी नारळ विसरला का, रानात दगड मिळाला नाही का, हे मला ठाऊक नाही आणि मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. रोज सकाळी दिवा लावून त्या माणसांच्या जिवाबद्दल देवाचे आभार मानते. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून मिळेल ते सोसणं, असं मला वाटायचं. पण त्या मशीनपुढं मला उभं करणारं बळ माझं नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याच्यापुढं वाकल्यावर साहेबांपुढं वाकायची गरजच उरली नाही. आता यंत्र आल्याशिवाय मी कुणालाही खणू देत नाही. साहेब चिडतात. म्हणतात, "तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, मॅडम."

ऐकते की. फक्त साहेबांचा नंबर आता दुसरा लागतो.